हवेतलं स्टिअरिंग

मुद्दा फक्त एका बटणाचा होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं ऐकून झालं की लोक माझ्याकडे जरा कलत्या मानेने बघतात आणि विचारतात, "पण तुम्ही असं केलंतच कशाला?" मी काहीही केलं नाही. आमच्या गेमच्या कंट्रोलरचं एक बटण बसलं, एवढंच. गाडीला वेग देणारं बटण. ते माझ्या अंगठ्याखाली बसलं हे खरं, पण शर्यत चालू असताना अंगठा काय खिशात घालून बसायचं?

मी वजनमापे निरीक्षक आहे. दुकानांमधले तराजू, काटे आणि मापं तपासणं हे माझं काम. दिवसभर मी दुसऱ्यांचे अंगठे बघत असतो, कारण सगळी लबाडी तिथेच असते. पारड्याला अंगठा हळूच टेकतो आणि गिऱ्हाईक किलोच्या भावात पाऊण किलो घेऊन जातं. या नोकरीमुळे माझा स्वभाव संशयी झाला, असं बायको म्हणते. माझं म्हणणं असं, की स्वभाव संशयी होता म्हणूनच ही नोकरी मिळाली.

तर बटण. संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी आणि मुलगी गाड्यांची शर्यत खेळतो. ती कॉलेजात आहे आणि गेमच्या बाबतीत पक्की दर्दी. मी तिच्याशी हरतो, पण अब्रूने हरतो. शेवटच्या वळणापर्यंत तिला मागे वळून बघायला लावतो. शिवाय खेळता खेळता ती बोलते. एरवी "हो", "नाही" आणि "बघू" या तीन शब्दांवर आमचा संसार चालतो. हातात कंट्रोलर असला की मात्र मैत्रिणीचं भांडण, मास्तरांची चूक, कँटीनमधली बातमी, सगळं आपोआप बाहेर येतं. म्हणून नवा कंट्रोलर तातडीने आणायला हवा होता. तो मी माझ्या पायांनी जाऊन आणला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मेहुण्याने ऐकलं.

बायकोचा हा धाकटा भाऊ इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात विक्रेता आहे. विक्रेता आणि निरीक्षक एका घरात म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. तो दुसऱ्याच दिवशी एक लांबट खोकं काखेत मारून आला.

"भाऊजी, कंट्रोलर विसरा आता. हातात काही धरायचंच नाही. तुम्ही स्वतःच कंट्रोलर!"

"हे जरा तुझ्या ताईला सांगून बघ," मी म्हणालो.

खोक्यातून एक काळी आडवी पट्टी निघाली. तिला पुढच्या बाजूला तीन डोळे होते. बटण मात्र एकही नव्हतं. मी उलटी करून पाहिली, खालून पाहिली, कडेने नख फिरवून पाहिलं. ज्या वस्तूला तीन डोळे आहेत आणि एकही बटण नाही, ती आपलं ऐकायला आलेली नाही, आपल्याला बघायला आली आहे, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. मनात शंकेची पाल चुकचुकली. वायर जोडताच पट्टीने आपणहून मान वर केली, मग खाली केली आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. अगदी अशाच नजरेने मी दुकानातल्या काट्याकडे बघतो. त्या नजरेच्या दुसऱ्या टोकाला उभं राहायची मला सवय नव्हती.

मुलीने तर तोंडच वाकडं केलं.

"मामा, हा खेळ नाही, कवायत आहे. कंट्रोलर हातात असला की कळतं आपण कुठे आहोत ते. हवेत काय धरायचं?"

"स्टिअरिंग धर. आहे असं समजून."

तिने समजून धरलं. गाडी निघाली. पहिल्याच वळणावर तिने हात वळवले, मग गाडीने थोडा विचार केला, मग गाडी वळली. तोपर्यंत रस्ता संपून गवत लागलं होतं.

"उशिरा ऐकते," ती म्हणाली आणि स्वतःच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने दाराआडून तिच्या गेमवाल्या मित्रमंडळींचा वाद ऐकू आला. कानाला हेडफोन लावलेला माणूस स्वतःला फार हळू बोलणारा समजतो, त्यामुळे आम्हाला सगळं कळत होतं. एकाच्या मते ही खेळांच्या दुनियेतली क्रांती होती. दुसरा म्हणत होता, हे पाण्याशिवाय पोहणं आहे. एक मैत्रीण म्हणत होती, तिच्या आत्याचं गुडघ्याचं दुखणं याच्यावर नाचून थांबलं. त्यावर आमची कन्या ओरडली, "मग ते औषधाच्या दुकानात विका ना!"

बायकोला मात्र ते आवडलं. ती आणि मेहुणा हवेत चेंडू मारत होते, हवेत बोलिंगच्या पिना पाडत होते, हसत होते. मग बायको म्हणाली, "अहो, तुम्हीही या ना."

मी पुढे झालो. टीव्हीच्या पडद्यावर अक्षरं आली: खेळाडू दिसत नाही.

मी हात हलवला. खेळाडू दिसत नाही. दोन्ही हात हलवले. खेळाडू दिसत नाही. कृपया मागे सरका.

आता हे 'मागे सरका' प्रकरण मला ओळखीचं आहे. "साहेब, जरा मागे उभे राहा, उजेड येऊ द्या," असं दुकानदार म्हणाला, की समजावं पारड्याखाली काहीतरी चिकटवलेलं आहे. निरीक्षक अशा वेळी एक पाऊल पुढे जातो. मी गेलो. त्या तीन डोळ्यांत माझे दोन डोळे घातले. पडदा काळा झाला.

"भाऊजी, खोली लहान पडतेय," मेहुणा म्हणाला.

खोली लहान पडतेय, म्हणून सोफा उचलून बोळकांडीत ठेवला. तिथे तो आडवा बसला, त्यामुळे न्हाणीघरात जायचं तर सोफ्यावरून जावं लागायचं. मग टीव्ही आतल्या भिंतीवरून काढून खिडकीखाली आणला. खिडकीच्या पडद्यावर वारा आला, तो फडफडला आणि यंत्राने त्याला दुसरा खेळाडू म्हणून नोंदवून घेतलं. मला सांगायला संकोच वाटतो, पण त्या संध्याकाळी पडदा माझ्या पुढे होता. खिडकीच्या पडद्याला दिसण्यात अडचण नाही, आणि सरकारी नोकरीत केस पांढरे केलेल्या माणसाला आहे! मी तिथल्या तिथे पडदा काढून धुवायला टाकला. बायको म्हणाली, "तो कालच धुतला होता." मी म्हटलं, "परत धू."

दुसऱ्या दिवशी शेजारचे पोस्टमास्तर आले. ते निवृत्त आहेत आणि निवृत्तीनंतर सल्ल्याचं टपाल घरोघर फुकट वाटतात. त्यांनी पट्टीसमोर यायचं टाळलं. भिंतीला पाठ लावून, कडेकडेने सरकत ते सोफ्याच्या जागेपर्यंत आले, सोफा नाही हे बघून उभेच राहिले.

"हे माप घेतं," ते कुजबुजले. "तुमची उंची, पोटाचा घेर, सगळं. आणि पाठवतं."

"कोणाला?"

"ते कळलं असतं तर काय हवं होतं!" त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "विमा कंपन्या असतील. माणूस किती हलतो, किती धापा टाकतो, सगळं बघतात. झाकून ठेवा. आणि त्याच्यासमोर पगाराबद्दल बोलू नका."

मी लोकरीची जुनी कानटोपी आणून पट्टीला घातली. मग वाटलं, पोस्टमास्तरांना शंका येते आणि मी नुसती टोपी घालतो? मी निरीक्षक आहे. माप घेणाऱ्या यंत्राचं माप कोणी घ्यायचं, तर मीच. आधी मला त्याला दिसायला हवं होतं. न दिसणाऱ्या निरीक्षकाला कोण विचारतो?

मग मी सराव सुरू केला. माझं ऑफिस बायकोच्या आणि मुलीच्या आधी सुटतं. घरी येऊन शर्ट काढायचा (उगाच घामाने खराब का करा), टोपी काढायची (पट्टीची) आणि बनियनवर तिच्यासमोर उभं राहायचं. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे आधी हात वर करून हलवायचा, म्हणजे यंत्र जागं होतं. मग हात लांब करून बोटांनी आपल्याकडे ओढायचं, म्हणजे खेळ निवडला जातो. मग मुठी आवळून हवेत स्टिअरिंग धरायचं आणि वळवायचं. अधूनमधून ते मला ओळख द्यायचं, एखादा बडा साहेब लिफ्टमध्ये देतो तशी, अर्धवट. म्हणजे माझा डावा हात त्याला दिसायचा, उजवा नाही. गाडी एकाच जागी गोल गोल फिरायची. मी चिडून आणखी जोराने मुठी पिळायचो. दात-ओठही खाल्ले असतील. एकटा माणूस स्वतःच्या घरात दात-ओठ खाऊ शकतो, असा माझा समज होता.

पुढच्या आठवड्यात सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं. हे आमच्या आणि समोरच्या, दोन्ही इमारतींच्या समितीचे सेक्रेटरी. व्यवसायाने दंतवैद्य. त्यामुळे कुठलीही वाईट बातमी ते आधी धीर देऊन मग सांगतात.

"घाबरू नका, पटकन होऊन जाईल," ते म्हणाले. "तुमच्याविरुद्ध तक्रार आली आहे. लेखी."

"कोणाची?"

"समोरच्या बाईंची."

समोरच्या इमारतीत, बरोबर आमच्या खिडकीसमोर, एका शाळेच्या मुख्याध्यापिका राहतात. त्यांच्या खिडकीत टेबल आहे आणि त्या टेबलाशी बसून त्या संध्याकाळी पेपर तपासतात. मला हे माहीत होतं, पण इतक्या दिवसांत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. खिडकीखालच्या टीव्हीकडे बघणारा माणूस, समोरून पाहिलं तर कोणाकडे बघतोय असं दिसेल?

सेक्रेटरींनी तक्रार वाचून दाखवली. बाईंचं लिहिणं मुद्देसूद होतं. सदर गृहस्थ रोज संध्याकाळी, घरात कोणी नसताना, अपुऱ्या कपड्यांत खिडकीत येतात. प्रथम हात हलवतात. मी दुर्लक्ष केल्यावर बोटांनी 'इकडे या' अशी खूण करतात. मी तरीही दुर्लक्ष केल्यावर दात-ओठ खाऊन, दोन्ही हातांनी कोणाची तरी मान पिरगळून दाखवतात. खिडकीचा पडदा हेतुपुरस्सर काढून टाकण्यात आला आहे.

"पडदा धुवायला टाकला होता," मी म्हणालो. स्वतःच्या कानांना ते फार वाईट ऐकू आलं.

"बाई थेट ठाण्यात निघाल्या होत्या. तुमच्या ऑफिसातही कळवणार होत्या. मीच म्हटलं, आधी समिती ऐकून घेईल. रविवारी सकाळी, तुमच्याच घरी."

ऑफिसात कळून कसं चालेल? ज्या दुकानदारांचे काटे मी जप्त केले, ते सगळे माझ्याविरुद्ध काहीतरी मिळावं म्हणून टपून बसलेले. निरीक्षकाकडे चोख नावाखेरीज दुसरं काय असतं?

घरी बायकोला सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

"आम्ही घरी नसतानाच का खेळायचात?"

"सराव करत होतो."

"बनियनवर?"

"घाम येतो."

"आणि तोंड खिडकीकडेच?"

"अगं, टीव्हीच तिथे आहे!"

"टीव्ही तिथे कोणी ठेवला?" एवढं बोलून ती सोफ्यावरून पलीकडे गेली. 'हात दाखवून अवलक्षण' ही म्हण मी शाळेत नुसती पाठ केली होती. ती इतकी शब्दशः अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. रविवारपर्यंत मुलगी फक्त एकदा म्हणाली, "बाबा, तू मला एक नवा कंट्रोलर आणून दिला असतास ना..." आणि पुढचं वाक्य तिने दयाबुद्धीने गिळलं.

रविवारी सेक्रेटरी आले, समितीचे सभासद म्हणून पोस्टमास्तर आले आणि शेवटी बाई आल्या. उंच, ताठ, हातात पर्स. त्यांनी खोलीवरून अशी नजर फिरवली, की मी नकळत बोटांची नखं स्वच्छ आहेत का ते पाहिलं. बसायला सोफा नसल्यामुळे सगळे उभे. मी पूर्ण बाह्यांचा शर्ट, वर कोट आणि ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात घातलं होतं.

"हे गृहस्थ म्हणतात, तो एक खेळ आहे," सेक्रेटरी म्हणाले. "बघू या. मोठा 'आ' करा... म्हणजे, सुरू करा."

मी पट्टीसमोर उभा राहिलो. मागे पाच माणसं, त्यामुळे मला पुढेच सरकावं लागलं. मी हात वर केला. हलवला.

खेळाडू दिसत नाही.

मी बोटांनी आपल्याकडे ओढलं. खेळाडू दिसत नाही. मी मुठी आवळून हवेत स्टिअरिंग धरलं, डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. पडद्यावरच्या चित्रात गाडी उन्हात उभ्या म्हशीसारखी निवांत उभी होती.

"काहीच होत नाहीये," पोस्टमास्तर म्हणाले. ज्यांच्या सल्ल्याने मी टोपी घातली, ते हे बोलले.

"बहाणा आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. रोज असंच चालायचं. समोर काहीही होत नव्हतं आणि हे हातवारे करत होते."

"बाई, हे रोज नेमकं काय करायचे, ते जरा दाखवाल का? इतिवृत्तात लिहायला बरं," सेक्रेटरी म्हणाले.

बाईंनी पर्स त्यांच्या हातात दिली. त्या दारापाशी उभ्या होत्या, सगळ्यांच्या मागे. मी बाजूला झालो, बायको भिंतीला टेकली, मध्ये मोकळी वाट झाली.

"आधी असं." बाईंनी हात वर करून हलवला.

टुंग! असा गोड आवाज आला. पट्टीने मान वर केली. पडद्यावर अक्षरं उमटली: स्वागत आहे!

बाईंचं लक्ष माझ्याकडे होतं. "मग असं." त्यांनी बोटांनी आपल्याकडे ओढलं. शर्यत निवडली गेली. "आणि मग, हे असं, मान पिरगळल्यासारखं..." त्यांनी मुठी आवळल्या. गाडी सुसाट सुटली.

"बाई, समोर बघा!" माझी मुलगी ओरडली.

बाईंनी समोर पाहिलं. पुढे वळण होतं. दुसऱ्या कोणी हात खाली टाकले असते. बाईंनी टाकले नाहीत. आपल्या ताब्यात दिलेली गोष्ट, मग ती कोणी का दिलेली असेना, वाऱ्यावर सोडून द्यायची त्यांना सवयच नसावी. त्यांनी हात वळवले आणि गाडी वळणातून अलगद बाहेर आली. दुसरं वळण. तिसरं. पोस्टमास्तर भिंत सोडून तीन डोळ्यांच्या समोर येऊन, "डावीकडे! बाई, डावीकडे!" करत होते. विमा कंपन्यांनी त्यांचा घेर त्या दिवशी खुशाल मोजून घेतला असेल. सेक्रेटरी पर्स छातीशी धरून उड्या मारत होते.

माझी मुलगी मात्र बाईंचे हात बघत होती.

"तुम्ही वळण यायच्या आधीच वळवता," ती म्हणाली. "ही गाडी उशिरा ऐकते, हे तुम्हाला कसं कळलं?"

"बाळ, मी ज्यांना सांगते ते सगळे उशिराच ऐकतात," बाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "शिक्षक, मुलं, पालक, सगळे. वळण दिसायला लागल्यावर सांगून काय उपयोग? आधी सांगून ठेवायचं आणि वाट बघायची."

मग बाह्या सरसावून मुलगी बाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली. यंत्राने तिला ताबडतोब ओळखलं. दोघींची शर्यत सुरू झाली. 'हा खेळच नाही' म्हणणारी आमची कन्या घामाघूम होऊन ओठ चावत होती, तरी मागे पडत होती. मधेच तिने काहीतरी विचारलं, बाई हसल्या. कँटीन, मैत्रीण असे शब्द माझ्या कानावर आले. मी ते ऐकायला दोन पावलं पुढे गेलो, तर पडद्यावर आलं: कोणीतरी मध्ये येत आहे. दोघी एकदम म्हणाल्या, "सरका हो!"

बाई जिंकल्या. बायकोने सगळ्यांना पाणी दिलं आणि मला देताना पेला हातातच ठेवला, आदळला नाही. त्यावरून मी काय ते ओळखलं. सेक्रेटरींनी खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून इतिवृत्त लिहिलं आणि वाचून दाखवलं: "तक्रारदार बाईंनी प्रत्यक्ष खेळून खात्री केली. हातवारे खेळातलेच आहेत. सदर गृहस्थ यंत्राला दिसत नसल्यामुळे त्यांच्याबाबत समितीला काहीही आढळले नाही."

"'निर्दोष' असा शब्द घाला ना," मी म्हणालो.

"तेच झालं ते," सेक्रेटरी म्हणाले. "दुखलं का काही?"

बाईंनी रुमालाने कपाळ टिपलं, पर्स परत घेतली आणि दाराशी जाऊन चपला घातल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"माझा गैरसमज झाला होता. तुमच्या ऑफिसात मी काही कळवणार नाही. पडदा मात्र लावा."

मी मान तुकवली. नाव वाचलं होतं, नोकरी वाचली होती. आता काही मोठेपणाचं बोलावं म्हणून मी घसा साफ केला, तेवढ्यात बाईंनी विचारलं,

"उद्या संध्याकाळी घरी कोण असेल?"

पाल परत चुकचुकली. मी सावधपणे म्हणालो, "मी लवकर येतो. पण कशासाठी?"

"तसं नाही," बाई माझ्या खांद्यावरून आत, माझ्या मुलीकडे बघत म्हणाल्या. "तुम्ही नसलात तरी चालेल."